नऊशे सहाचं कुलूप

डॅरिया ह्रिनचुकच्या कोटाच्या खिशातून शेगडीची चार बटणं फरशीवर पडली, त्या सकाळी मी तिचं नाव पहिल्यांदा नोंदवहीत लिहिलं.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर उणे एकोणतीस. ती घाईघाईने खिशातले हातमोजे ओढत होती आणि मोज्यांबरोबर ती बटणं खळखळत खाली आली. एक घरंगळत माझ्या टेबलापाशी येऊन थांबलं. काळं, गोल, कडेने आकडे. मी वाकून उचललं.

"शेगडीचं ना हे?"

तिने ते माझ्या हातातून जवळजवळ हिसकावलंच. "सैल झालीत. दाखवायला नेतेय."

चारही एकाच दिवशी सैल झाली? तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीतून पुरुषाचे बर्फात घालायचे बूट डोकावत होते. मोठे, अकरा नंबरचे तरी असतील. ते बूट मी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा पाहत होते. सकाळी जायचे, संध्याकाळी तिच्याबरोबर परत यायचे. बाई स्वतः सहा नंबरची.

मी बर्निस शार्तियर. त्या वेळी विनिपेगमध्ये नदीजवळच्या एका बारा मजली इमारतीत गार्ड होते. सकाळी सात ते संध्याकाळी सात. समोर काचेचं दार, मग कोंदट चौकोनी जागा, मग दुसरं काचेचं दार, आणि आत मी. अकरा आणि तीनच्या फेऱ्या सोडल्या तर टेबल सोडायचं नाही. हिवाळ्यात सूर्य माझ्यानंतर येतो आणि माझ्याआधी जातो. लोक म्हणतात, गार्डला काय, नुसतं बसायचं. बसून बघा एकदा.

एकवीस वर्षांत मी एवढंच शिकले की चेहऱ्याकडे फार बघू नये. चेहरा माणसाच्या ताब्यात असतो. हात नसतात, चालणं नसतं. चौथ्या मजल्यावरचा मास्तर नवरा-बायकोचं भांडण झालं की किल्ल्या डाव्या हातात धरतो. अकराव्या मजल्यावरची म्हातारी, मुलाचा फोन आला असेल त्या दिवशी लिफ्टची वाट बघताना एका पायावर जरा डुलते. रोजचं काय ते पाठ झालं, की वेगळं असेल ते डोळ्यांत खुपायला लागतं. त्यासाठी हुशारी लागत नाही, कंटाळा पचवावा लागतो.

आणि नऊशे सहामध्ये काहीतरी खुपत होतं.

नऊशे सहा म्हणजे ओस्तप ह्रिनचुक. वय एक्याऐंशी. रेल्वेच्या यार्डात डब्यांची चाकं तपासण्यात त्याचा जन्म गेला. हातोडीने चाकावर टकटक करायची आणि आवाजावरून तडा ओळखायचा. रोज दहाला तो खाली यायचा, हीटरजवळच्या बाकावर बसायचा आणि मला डिवचायचा.

"काय पोरी, आज किती चोर पकडलेस?"

"एकच. समोर बसलाय."

"तू डोळ्यांनी बघतेस, तिथेच चुकतेस. लोखंड कधी दिसून फुटत नाही."

सप्टेंबरमध्ये त्याची मुलगी त्याच्याकडे राहायला आली. पन्नाशीची, बारीक, सतत घाईत. माझ्या वहीत डॅरिया ह्रिनचुक अशी सही केली, कुठल्याशा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते म्हणाली. नोव्हेंबर संपता संपता म्हातारा खाली यायचा बंद झाला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठवडा गेला. मी विचारलं तर डॅरिया म्हणाली, "गुडघे दुखतात त्यांचे." पुढच्या वेळी म्हणाली, "सर्दी झालीय." त्याच्या पुढच्या वेळी थांबलीच नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला ती हार्डवेअरच्या दुकानाची पिशवी घेऊन आली. पिशवी पातळ होती, आतला खोका स्पष्ट दिसत होता. दाराचं कुलूप, पितळी. नाताळनंतर तिच्या मनगटावर ओरखडे होते. मांजर त्या घरात नव्हतं. मग बूट. मग शेगडीची बटणं.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय म्हटलं असतं?

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी अकराच्या फेरीला मी नवव्या मजल्यावर गेले आणि नऊशे सहासमोर थांबले. कुलूप बदललेलं होतं. दाराच्या खाली गालिच्याच्या कडेला लाकडाचा भुसा अजून अडकलेला होता. मी दार वाजवलं.

आवाज लगेच आला, अगदी दाराला चिकटून. म्हणजे तो तिथेच उभा होता.

"उघड," तो म्हणाला. "दार अडकलंय. मी केव्हाचा उभा आहे."

"मिस्टर ह्रिनचुक, मी बर्निस. खालची."

"कोण?"

"बर्निस. तुम्ही आतून कुलूप फिरवा ना."

"फिरवायला काही नाहीच इथे. किल्लीचं भोक आहे नुसतं. किल्ली त्या बाईकडे."

आतूनही किल्लीच लागते, असं कुलूप कोणी राहत्या घराला लावत नाही. "कुठली बाई? डॅरिया?"

"डॅरिया शाळेत आहे," तो म्हणाला. "ही दुसरीच आहे कोणीतरी. ही माझी मुलगी नाही. माझे बूट घेऊन जाते रोज. मला बाहेर काढ, बाई. मला घरी जायचंय."

मग तो दारावर टकटक करायला लागला. जोरात नाही. एका बोटाने, एकेक ठोका, मध्ये थांबून, ऐकून, परत. मी दाराला तळहात लावला. माझ्याकडे सगळ्या मजल्यांची चावी होती, या नव्या कुलपाची नव्हती. सात-आठ मिनिटं मी तशी उभी होते. त्याच्यात आणि माझ्यात दीड इंच लाकूड.

खाली आल्यावर मी रेनाटोला फोन लावला. रेनाटो मगपंताय आमचा सुपरवायझर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मला 'आते' म्हणतो, त्याच्या भाषेत थोरली बहीण. मी धडाधड सांगून टाकलं. तिने म्हाताऱ्याला कोंडलंय, ती त्याची मुलगी नसेलच कदाचित, उपाशी ठेवत असेल, मारतही असेल.

तो शांतपणे म्हणाला, "आते, यातलं पाहिलंस काय?"

"कुलूप पाहिलं. बूट पाहिले. शेगडीची बटणं पाहिली."

"आणि मारताना?"

मी वही पुढ्यात ओढली.

"पाहिलं तेवढंच लिही. वाटलं ते नको. हे मी तुला शिकवायला नको."

त्याने पुढचं बोलायचं टाळलं, पण मला कळलं. नऊ वर्षांपूर्वी मी एका मॉलमध्ये होते. एक माणूस झोकांड्या खात होता, जीभ जड, दुकानदारिणीवर ओरडत होता. मी वहीत लिहिलं, 'दारू प्यायलेला'. दोनच शब्द. त्या दोन शब्दांवर त्याला मागच्या खोलीत बसवलं, दार लावलं, उतरेल म्हणून चार तास ठेवलं. त्याच्या तोंडाला दारूचा वासही येत नव्हता. त्याची साखर उतरली होती. जगला तो, पण नंतर त्याला स्वतःच्या बायकोचं नाव आठवायला वेळ लागायचा. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "तुम्ही त्याचं तोंड हुंगलं होतंत का?"

तेव्हापासून मी वाटलेलं लिहीत नाही.

मी लिहिलं: 'नऊशे सहा. दाराला नवं कुलूप. आतला माणूस सांगतो की आतून किल्लीशिवाय उघडत नाही.' रेनाटोने ते इमारतीच्या व्यवस्थापकाला पाठवलं. व्यवस्थापकाचं उत्तर आलं की घरगुती बाब आहे, पाहणीच्या वेळी बघू. पाहणी एप्रिलमध्ये.

त्या संध्याकाळी डॅरिया परत आली तेव्हा मी उठून उभी राहिले.

"तुमचे वडील आज दाराशी उभे होते."

ती थबकली. "तुम्ही वर गेला होतात?"

"फेरी असते माझी."

"ते झोपेत बडबडतात."

"उभ्याने झोपतात वाटतं?"

तिच्या हनुवटीचा स्नायू हलला. चेहरा मात्र तसाच. "हे बघा, तुमचं काम या दारापर्यंत. माझ्या दाराच्या आत नाही." ती लिफ्टकडे गेली, आणि मी पाहिलं की लिफ्टचं बटण दाबताना तिचा अंगठा दोनदा चुकला.

मी पोलिसांना फोन करायला हवा होता. करू शकत होते. रोज सकाळी मी तो फोन डोळ्यांसमोर धरायची. आणि काय सांगू? मला वाटतं? पुन्हा वाटतं? चुकले तर एका बाईच्या कपाळावर मी काय गोंदवणार होते ते मला ठाऊक होतं. बरोबर असले तर रोजचा उशीर माझ्या नावावर जमा होत होता. नऊ दिवस मी त्या काचेच्या पेटीत बसून काढले. अकराला आणि तीनला वर जायची, दाराला तळहात लावायची. कधी तो ठोके द्यायचा, कधी शिव्या, कधी नुसता श्वास ऐकू यायचा. "आहे मी इथे," एवढंच म्हणून परत यायची. माझ्या आजीला शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, तिच्याशीही आम्ही असंच बोलायचो. ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं असतं तर! आलं नाही.

दहाव्या दिवशी, दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी, आगीचा भोंगा वाजला.

आठव्या मजल्यावरच्या धुलाईघरात कपडे वाळवायच्या यंत्राने पेट घेतला होता. लिफ्ट बंद झाल्या. माणसं जिन्यावरून उतरायला लागली. कोणी स्लिपरमध्ये, कोणी कुत्र्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून. बाहेर उणे चौतीस होतं, म्हणून शहराच्या दोन बस दाराशी आणून लावल्या आणि लोकांना त्यात बसवायला सुरुवात झाली. मी दोन काचेच्या दारांमध्ये यादी घेऊन उभी. नावं विचारायची गरज नव्हती. मी चपलांवरून खुणा करत होते. चौथ्याचा मास्तर, आला. अकराव्याची म्हातारी, शेजाऱ्याच्या पाठीवर, आली. नवव्या मजल्यावरचे सगळे आले, खोकत, नाकाला रुमाल लावून.

बंबवाल्यांचा कॅप्टन पांढरं शिरस्त्राण काढत माझ्यापाशी आला. "वर कोणी?"

"नऊशे सहा. एक्याऐंशी वर्षांचा माणूस. दाराला आतून खिट्टी नाही, दोन्हीकडून किल्ली लागते. माझी चावी चालणार नाही. पहार घेऊन जा."

"नक्की आत आहे?"

"आज अकराला होता. त्यानंतर या दारातून गेलेला नाही."

"मागच्या दारातून?"

"त्याच्याकडे बूट नाहीत," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि चार माणसं जिन्याने पाठवली.

तेवढ्यात ती आली. बसस्टॉपवरून धावत, डोक्याला शाळेच्या स्वयंपाकघरातली जाळी तशीच, कोट उघडा. भोंग्याचा संदेश सगळ्या रहिवाशांच्या फोनवर जातो. तिने बाहेरचं दार ढकललं, मी आतलं धरून ठेवलं.

"सोडा मला! किल्ली माझ्याकडे आहे!"

"माणसं गेलीत वर. तुम्हाला जाता येणार नाही."

"त्यांना दार उघडता येत नाही!"

"माहीत आहे मला," मी ओरडले. नऊ दिवसांचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. "तुम्हीच कोंडलंय त्यांना! बूट पळवले, चूलसुद्धा बंद केली! कुठली मुलगी बापाला असं..."

ती माझ्या अंगावर आली. मारायला नाही. माझ्या जॅकेटची कॉलर दोन्ही मुठींत धरून तिने स्वतःला उभं ठेवलं होतं.

"चार वेळा शेगडी पेटवून विसरले ते," ती म्हणाली. "बूट दिसले की निघतात. मी कोण ते त्यांना कळत नाही, मला ओरबाडतात. त्यांचं नाव वृद्धाश्रमाच्या यादीत ऑगस्टपासून आहे. नोकरी सोडली तर दोघं कुठे राहू? नोव्हेंबरमध्ये ते नदीवर सापडले मला. बर्फ पुरता धरलेला नव्हता. पायात नुसते मोजे, बूट काठावर जोडीने काढून ठेवलेले. कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईने खिशातली चिठ्ठी बघून मला फोन केला. तिच्याच गाडीतून मागच्या दाराने वर नेलं, कोणी बघू नये म्हणून." तिने श्वास घेतला. "कुठून गेले असतील ते? या दारातून. तुमच्यासमोरून. तुम्ही तर सगळं बघता ना?"

मला तो दिवस आठवला.

तो साडेदहाला लिफ्टमधून आला होता. कोटाची सगळी बटणं बरोबर लावलेली, टोपी, पॉलिश केलेले बूट, हातात पत्र्याचा जेवणाचा डबा. "पाळीला चाललो, पोरी," म्हणाला. "आज मालगाडी लांब आहे." मी हसले. मला वाटलं, थट्टा करतोय. "उशीर करू नका," मी म्हणाले, आणि टेबलाखालचं बटण दाबून त्याच्यासाठी दारही उघडून दिलं. डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं होतं मी त्याला. काहीच खुपलं नव्हतं. तो परत आलेला मला दिसला नाही, तेव्हा मी मनाशी म्हटलं, आपण तीनच्या फेरीला असताना आला असेल.

वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेला माणूस डबा घेऊन कामावर निघाला, आणि मी त्याला दार उघडून दिलं.

आम्ही दोघी त्या दोन दारांमध्ये उभ्या होतो. ती बाहेर जात नव्हती, मी तिला आत सोडू शकत नव्हते. काचेवर आमच्या श्वासाचा बर्फ धरत होता. ती माझी कॉलर धरूनच होती आणि मी तिचे हात सोडवले नाहीत. किती वेळ गेला सांगता येणार नाही. नंतर कागदावर वाचलं, अकरा मिनिटं.

मग जिन्याचं दार उघडलं. दोघांनी त्याला खुर्चीत बसवून आणलं होतं, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, अंगाभोवती बंबवाल्याचा कोट. जिवंत होता. चांगलाच जिवंत, कारण तो लाथा मारत होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं सोललेली होती. डॅरिया त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. त्याने तिला ढकललं. मग त्याची नजर माझ्या गणवेशावर गेली, मुखवटा ओढून खाली केला आणि तो अदबीने, मोठ्या अधिकाऱ्याशी बोलावं तसं बोलला.

"साहेब, ही बाई मला त्रास देते. मला घरी नेता का?"

मी डॅरियाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. "हो," मी म्हणाले. "आधी गाडीत बसू या." त्याने माझा हात धरला, आणि रुग्णवाहिकेपर्यंत तो सोडला नाही. डॅरिया मागून त्याची टोपी घेऊन आली.

आग तासाभरात विझली. कोणी दगावलं नाही. पण नऊशे सहाचं फोडलेलं दार आणि ते कुलूप कॅप्टनने पोलिसांना दाखवलं. माणूस आत आणि किल्ली बाहेर, हा गुन्हा होतो. संध्याकाळी एक पोलीस बाई माझ्या टेबलावर जबाब लिहून घ्यायला बसली. रेनाटोही आला होता, माझ्यासाठी कॉफी घेऊन.

मी सगळं सांगितलं. कुलूप, बूट, शेगडीची बटणं, दारामागचं बोलणं, जसंच्या तसं. तिचा पेन चालत होता. मग मी म्हणाले, "अजून एक आहे. नोव्हेंबरचं."

रेनाटोने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी डबा, टोपी, मालगाडी, दाराचं बटण, सगळं सांगितलं. म्हाताऱ्याला मी स्वतः बाहेर सोडलं आणि तो परतला की नाही ते तपासलं नाही, हेही. पोलीस बाई लिहायची थांबली.

"हे तुम्ही स्वतःहून सांगताय?"

"पाहिलेलं सांगतेय. हेही मी पाहिलेलं आहे."

ती गेल्यावर रेनाटो म्हणाला, "आते, काय केलंस हे? तुझ्यावर शेकेल. कोणी विचारलं होतं तुला?"

"नाही विचारलं, तेच तर."

"त्या बाईने तुला आभाराचं पत्र पाठवलं नाहीये."

"तिने कुलूप का लावलं ते कुठेतरी लिहिलेलं हवं," मी म्हणाले. "नाहीतर कागदावर फक्त कुलूप राहतं."

त्याने कपाळाला हात लावला आणि माझी कॉफी स्वतःच पिऊन टाकली.

शेकलंच. मला ताकीद मिळाली आणि महिन्याभरात शहराबाहेरच्या एका लाकूडवखारीच्या फाटकावर माझी बदली झाली. तिथे ट्रकचे नंबर लिहायचे, बस. डॅरियावर खटला झाला नाही. पोलीस बाईने वर काय लिहिलं ते मला माहीत नाही, माझ्या जबाबाचा उपयोग झाला की तिने शाळेच्या स्वयंपाकिणींकडे चौकशी केली म्हणून, तेही नाही. म्हाताऱ्याला इस्पितळातून परत घरी सोडलं नाही. आता घाईची केस म्हणून यादीत वर चढला आणि मार्चमध्ये त्याला आश्रमात जागा मिळाली. विसरभोळ्यांचा वेगळा विभाग. त्याच्या दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप आहे, आकडे फक्त कर्मचाऱ्यांना ठाऊक. म्हणजे कोंडलेलाच, फक्त आता कायद्याने.

मे महिन्यात एका शनिवारी मी तिथे गेले. नऊ आठवडे जाऊ-जाऊ म्हणत होते. बाहेरच्या बाकावर डॅरिया बसलेली होती. मला बघून ती उठली नाही आणि गेलीही नाही. मी थोडं अंतर ठेवून उभी राहिले. तिच्या मनगटावरचे ओरखडे भरले होते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, आणि त्यामुळे ती अनोळखी दिसत होती.

"पहिला आठवडा मी सोळा-सोळा तास झोपले," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "उठले की रडायची. झोप लागली म्हणून."

"मी आत जाऊन येऊ का त्यांना भेटून?"

"तुम्हाला ओळखणार नाहीत."

"चालेल."

"आज सकाळपासून खुर्च्यांची चाकं तपासतायत. कोणाची चाकाची खुर्ची दिसली की चमचा घेऊन मागे." तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "एक खरंच सैल निघालं. नर्सने नट घट्ट केला."

मी हसले. ती हसली नाही, पण तिने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी बसले.

"माझा राग येत असेल तुम्हाला," मी म्हणाले.

"सोमवारी येतो. गुरुवारी वाटतं, तुम्ही नसता तर ते वरच गेले असते धुरात. मग परत वाटतं, धूर झाला तेव्हा किल्ली माझ्या खिशात होती." तिने नाक पुसलं. "तुम्ही नोव्हेंबरचं सांगितलंत, ते पोलीस बाईने मला सांगितलं. कशाला सांगितलंत?"

"घडलं होतं."

तिने मान डोलावली. आतून कोणीतरी दार उघडून भेटीची वेळ झाल्याचं सांगितलं. डॅरिया उठली, दोन पावलं गेली आणि वळली.

"पुढच्या शनिवारी शाळेत जत्रा आहे, मला सुट्टी नाही. दोन ते चार त्यांच्याजवळ कोणी बसायला हवं. केळं सोलून द्यावं लागतं, नाहीतर सालासकट खातात."

"येईन," मी म्हणाले.

"आणि गणवेशात येऊ नका."

"नाही येणार."

मग आम्ही आत गेलो.